आठवडाभरासाठी शिकागोला जाताय? तिकिटाच्या आधी घड्याळाचा हिशोब करा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तुमचं सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) छोटं युनिट आहे, वय ५२, बीपीची एक गोळी रोज सकाळी चालू आहे, अमेरिकेचा व्हिसा हातात आहे आणि १४ सप्टेंबर २०२६ पासून शिकागोला मॅककॉर्मिक प्लेसमध्ये जो मशीन टूलचा मोठा शो आहे तिथे भागीदारासोबत पहिल्यांदाच जायचंय. आठवड्याच्या वर कंपनी सोडता येत नाही. स्वस्तातलं तिकीट मिळतंय ते रविवारी संध्याकाळी पोचवतं, सोमवारी सकाळी शो, मंगळवारी दुपारी दोनला ज्या गिऱ्हाइकासाठी खरं तर एवढं लांब चाललाय त्यांच्याशी मीटिंग, बुधवारी न्यू जर्सीला मुलीकडे एक चक्कर, आणि शनिवारी घरी. आणि विचारलंय की जेट लॅगसाठी, म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने शरीराचं झोपेचं घड्याळ बिघडतं त्यासाठी, गोळी कुठली घेऊ.

गोळीचं सांगते, पण पुढे, कारण तुमचा त्रास गोळीच्या आधीच ठरलाय, तो या वेळापत्रकात आहे. मी नाशिकमधून एमआयडीसीतल्या लोकांचे आणि द्राक्ष एक्सपोर्टवाल्यांचे असेच चार-सहा दिवसांचे दौरे लावून देते, बरीच वर्षं हेच काम चालू आहे, आणि प्रत्येकाला एकच सांगते की छोट्या दौऱ्यात जेट लॅग घालवायला वेळच नसतो, म्हणून तो घालवायच्या मागे लागू नका, तो तुम्हाला दिवसाच्या कुठल्या तासांत गाठणार ते आधी काढा आणि महत्त्वाचं काम त्या तासांतून बाहेर काढा. हे काम तिकीट काढतानाच करायचं असतं, तिथे पोचल्यावर फक्त सोसायचं उरतं.

आता हिशोब बघा. सप्टेंबरमध्ये शिकागो आपल्या साडेदहा तास मागे असतं (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर त्यांची घड्याळं मागे जातात आणि फरक साडेअकरा तास होतो, तुम्हाला तो लागणार नाही). तुम्ही घरी साधारण रात्री अकरा ते सकाळी सहा झोपता असं धरू. ती नाशिकची रात्र शिकागोत येते दुपारी साडेबारा ते संध्याकाळी साडेसात. म्हणजे पहिल्या दिवशी तिथे दुपारचं जेवण होतं ना होतं तोवर शरीर म्हणणार आता रात्र झाली. आणि रात्रीतला तो तळ, ज्या वेळी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तो सहसा उठायच्या दोन-तीन तास आधी येतो, तुमच्या बाबतीत पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला, म्हणजे शिकागोचे संध्याकाळचे पाच-साडेपाच. त्या वेळी माणूस उभ्या उभ्या पेंगतो, समोरचा काय बोलला ते दोनदा विचारावं लागतं, आणि चार टक्के आणि चौदा टक्के यातला फरक कानाला लागत नाही. उलट तिथली सकाळ बघा, सहा ते बारा म्हणजे आपल्याकडचे दुपारी साडेचार ते रात्री साडेदहा, तुम्ही टक्क जागे, डोकं चालू. रात्री तीनला मात्र पोटात कावळे ओरडणार, कारण नाशिकला तेव्हा दुपारचे दीड वाजलेत आणि जेवणाचा डबा उघडायची वेळ आहे.

हे घड्याळ दिवसाला थोडं थोडंच सरकतं. पश्चिमेकडे जाताना, म्हणजे झोप उशिरावर ढकलायची असते तेव्हा, दिवसाला साधारण दीड तास, आणि पूर्वेकडे येताना, झोप अलीकडे ओढायची असते तेव्हा, जेमतेम एक तास. कारण असं की माणसाच्या आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्याला उशीर करणं सोपं जातं, लवकर करणं जड जातं. हे घड्याळ पेशीत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, आणि तो सगळा अभ्यास फळमाशीवर झालेला.

मग साडेदहा तास सरकायला दीड तासाच्या वेगाने किती दिवस लागतील? सात. तुम्ही तिथे राहणार चार-पाच. म्हणजे पूर्ण सरकणं होणारच नाही, आणि जेवढं सरकाल तेवढं परत येताना आणखी हळू वेगाने उलटं सरकावं लागणार. म्हणूनच म्हणते की तिथल्या लोकांसारखं रात्री अकराला झोपायचा हट्ट नको. तुम्ही तिथे साडेआठ-नवाला झोपा आणि पहाटे चारला उठा, पाचही दिवस. लाज वाटायचं काही कारण नाही. रात्रीची डिनरची आमंत्रणं सरळ नाकारा आणि त्याऐवजी त्यांना सकाळी सातच्या नाश्त्याला बोलवा, अमेरिकेत सकाळच्या नाश्त्यावर धंद्याचं बोलणं अगदी सर्रास चालतं.

आता तुमची मंगळवारची दुपारी दोनची मीटिंग. रविवारी संध्याकाळी उतरलात तर मंगळवारपर्यंत शरीर फार तर तीन तास सरकलेलं असेल, म्हणजे दुपारचे दोन तुमच्या शरीराला रात्रीचे साडेनऊ वाटणार. झोप लागेल असं नाही, पण दिवसभर हॉलमध्ये चालून, दुपारचं जेवून, रात्री साडेनऊच्या डोक्याने तुम्ही रेटची बोलणी करणार का? घरी असताना रात्री साडेनऊला कोणी कोटेशनवर घासाघीस करायला बसलं तर तुम्ही म्हणाल उद्या सकाळी या. म्हणून त्या गिऱ्हाइकाला आजच मेल टाका की मंगळवारी सकाळी नऊ जमेल का, नाहीतर बुधवारी सकाळी. ते पण भारतात आले की आपल्याकडे अशीच वेळ मागतात, कोणाला राग येत नाही.

आणि रविवारी नका पोचू, शनिवारी पोचा. शो १४ तारखेला सोमवारी उघडतोय, तुम्ही शुक्रवार-शनिवारच्या मधल्या रात्री मुंबईहून उडालात तर साडेदहा तास मागे गेल्यामुळे शनिवारीच दुपारी शिकागोत उतरता. जाताना दिवस वाचतो, येताना एक दिवस गायब होतो, हे गणित नवीन माणसाच्या नीट लक्षात येत नाही आणि मग हॉटेलच्या रात्री चुकीच्या बुक होतात. उतरायची वेळ दुपारी दोन ते पाच मधली निवडा. सकाळी सहाला उतरवणारं विमान दिसायला छान वाटतं, पण तिथे हॉटेलची खोली सहसा दुपारी तीनला मिळते, तोवर बॅगा सांभाळत लॉबीत बसायचं आणि नेमकी साडेबारानंतर तुमची रात्र सुरू. दुपारी उतरलात की इमिग्रेशन, हॉटेल, आंघोळ, हलकं जेवण आणि झोप, बाकी काही करावं लागत नाही.

मुलीकडे जायचा विषय नाजूक आहे, मला कळतंय, वर्षावर्षाने भेट होते. पण शिकागोहून न्यू जर्सीतलं न्यूअर्क दोन तासांचं विमान, वर एअरपोर्टवर जायचे-यायचे तास, वर तिथे अजून एक तासाचा फरक, एका रात्रीसाठी दोन दिवस जातात आणि तुमची नीट बसत आलेली झोप पुन्हा विस्कटते. त्यापेक्षा मुलीलाच त्या शनिवार-रविवारी शिकागोला बोलवा. रविवार तुमचा मोकळाच आहे, आणि तो मोकळा ठेवायलाच पाहिजे. तिच्यासोबत दुपारभर मिशिगन तलावाच्या काठाने चाला. हे मी नुसतं बापलेकीची भेट म्हणून सांगत नाहीये, तुमच्या घड्याळाला त्या दिवशी दुपारचं ऊनच पाहिजे.

उन्हाचं जरा नीट सांगते कारण इथे बहुतेक लोक उलटं करतात. डोळ्यांवर पडणारा उजेड हाच आतल्या घड्याळाचा मुख्य खटका आहे, जेवण, व्यायाम, चहा हे सगळं त्याच्या मागे. तो जो तापमानाचा तळ सांगितला, त्याच्या आधीच्या काही तासांत उजेड मिळाला तर घड्याळ उशिराकडे सरकतं, आणि त्याच्या नंतरच्या तासांत मिळाला तर अलीकडे सरकतं. शिकागोला पहिल्या दिवशी तुमचा तळ संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, म्हणजे दुपारी बाहेर उजेडात राहायचं आणि साडेपाचनंतर खोलीत, पडदे ओढून, दिवे मंद. रविवारी तो तळ सातच्या सुमारास जातो, तेव्हा सूर्य मावळेपर्यंत बाहेर राहिलात तरी फायदाच. शोचे हॉल आतून कितीही झगझगीत दिसले तरी बाहेरच्या उजेडापुढे ते काहीच नाही, तेव्हा सोमवारी-मंगळवारी जेवणानंतर अर्धा तास तरी बाहेर येऊन चाला.

दुपारी झोप असह्य झाली तर? वीस-पंचवीस मिनिटं, खुर्चीत बसून, भागीदाराला उठवायला सांगून. पलंगावर आडवे झालात की गेलात, कारण ती तुमची मध्यरात्र आहे, सरळ संध्याकाळी सातला डोळे उघडतील आणि मग रात्रभर छताकडे बघत बसावं लागेल. हॉटेल शक्यतो शोच्या जवळचं घ्या, थोडं महाग पडलं तरी. चहा-कॉफी सकाळी हवी तेवढी प्या पण दुपारी एकनंतर बंद, कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतोच. आणि पोचल्या दिवशी भाड्याची गाडी स्वतः चालवायला घेऊ नका, उजव्या बाजूने चालवायची सवय नाही आणि त्यात डोळ्यांवर झोप. ओहेअर एअरपोर्टहून गावात जायला ब्लू लाइनची ट्रेन चोवीस तास असते, नाहीतर सरळ टॅक्सी.

आता आपल्या बाजूचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाशिकचा माणूस ज्याला जेट लॅग म्हणतो त्यातला मोठा हिस्सा नाशिक ते मुंबई या रस्त्यावरचा असतो. मुंबईची बरीच परदेशी विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधली. तीनचं विमान धरलं तर बारापर्यंत एअरपोर्ट, म्हणजे पाथर्डी फाट्यावरून फार तर संध्याकाळी सहाला निघायचं, त्या दिवशी दुपारी चारपर्यंत तुम्ही कंपनीत डिस्पॅच बघत असणार, आदल्या रात्री बॅगा भरत एक वाजलेला. इगतपुरीजवळ समृद्धीला लागलात की कसारा घाट टळतो, पण आमण्याला उतरल्यावर भिवंडी आणि ठाण्यातल्या माजिवड्याचं ट्रॅफिक कोणाला टळत नाही. विमानात बसता तेव्हाच एक पूर्ण रात्र आणि एक अर्धी रात्र उधारीवर असते. मग शिकागोत डोकं दुखतं त्याला जेट लॅग म्हणायचं. तो थकवा आहे. थकवा एका चांगल्या झोपेने जातो, जेट लॅग जात नाही, म्हणून दोन्ही वेगळे ओळखायला शिका.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, १४ सप्टेंबरलाच गणेश चतुर्थी आहे. म्हणजे तुम्ही निघताय तो शुक्रवार गणपतीच्या आधीचा वीकेंड, मुंबईत खरेदीची गर्दी, मूर्ती नेणाऱ्या गाड्या, कोकणात जाणारे लोक, वर पाऊस असला तर बघायलाच नको, आणि इकडे शहरात कुंभमेळ्याची कामं चालू. तेव्हा शुक्रवारी कंपनीत जाऊच नका. सकाळी नाश्ता करून दहाला निघा, अंधेरी-सहारकडे एअरपोर्टजवळ एक साधी खोली घ्या, दुपारी जेवून पडदे ओढून पडा, दोन-तीन तास डोळा लागला तरी खूप झालं, आणि रात्री अकराला ताजेतवाने होऊन टर्मिनलवर जा. त्या खोलीचे जे चार-पाच हजार जातील ते अख्ख्या दौऱ्यातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे असतील. ज्यांनी ज्यांनी हे केलं ते पुढच्या वेळी स्वतःहून मागतात.

तारखेचा घोटाळा पण सांगून ठेवते. तिकिटावर १२ सप्टेंबर, पहाटे २.४० असं लिहिलं असेल तर एअरपोर्टवर ११ च्या रात्री असायला पाहिजे. चांगले शिकलेले लोक १२ च्या रात्री मुंबईला पोचलेले मी पाहिलेत, विमान उडून एक दिवस झालेला असतो. घरातल्या कॅलेंडरवर निघायची तारीख लाल पेनाने लिहा, विमानाची नको. आणि तिकिटावर मुंबईचं कुठलं विमानतळ आहे तेही वाचा, आता नवी मुंबईचंही सुरू झालंय.

घरी गणपती बसत असेल तर मन तिकडे राहणार, ते साहजिक आहे. पण सकाळची स्थापना व्हिडिओवर बघायला उठाल तर नाशिकचे साडेअकरा म्हणजे तुमच्याकडे रात्रीचा एक, सोमवारच्या शोच्या आदल्या रात्रीच झोप मोडली. संध्याकाळची सातची आरती घ्या, तेव्हा शिकागोत सकाळचे साडेआठ असतात, आंघोळ झालेली असेल, शांतपणे हात जोडून मग हॉलमध्ये जा.

कंपनीच्या फोनचंही असंच. फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर सकाळी नऊला विचारणार की साहेब इन्सर्ट (मशीनची कापायची टोकं) संपले, कुठले मागवू, आणि तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेत. एक फोन आला की ती झोप परत जुळत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवा की फोन फक्त नाशिकच्या दुपारी साडेचार ते सहामध्ये, ते तुमचे सकाळचे सहा ते साडेसात, तुम्ही जागेच असाल आणि तिकडे सेकंड शिफ्ट लागलेली असेल. बाकी वेळ फोन बंद, फक्त घरच्या एका नंबरला रात्री वाजायची परवानगी.

विमानात काय करायचं ते ठरवून चढा. पहिला टप्पा पहाटे तीनचा म्हणजे तुमची हक्काची झोप, उडाल्यावर चारला जेवणाची गाडी येते ती नको म्हणा, डोळ्यांवर पट्टी बांधून झोपा. मला विचाराल तर शिकागोसाठी युरोपमार्गे तिकीट बरं, नऊ-दहा तासांचे साधारण सारखे दोन टप्पे होतात. आखातातून गेलात तर तीन तासांतच विमान बदलायला उठावं लागतं आणि मग पुढे चौदा-पंधरा तास एकाच सीटवर. दुसऱ्या टप्प्यात शक्य तेवढं जागं राहा, उठून चाला. आतली हवा फार कोरडी असते आणि दाब आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या आत, त्याहून उंचावर बसून तुम्ही अर्धा दिवस काढताय. म्हणून पाणी पीत राहा, दारू अजिबात नको, तिने झोप येते पण मोडकी येते. तुमचं वय आणि बीपी बघता पायांचे स्टॉकिंग्ज लागतील का ते डॉक्टरांना विचारा, लांबच्या प्रवासात न हलता बसल्याने पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका असतो. त्याच कारणाने विमानात झोपेची गोळी घेऊन सहा तास ओंडक्यासारखं पडून राहणं मला मुळीच पटत नाही.

तर आता गोळी. लोक मेलाटोनिनबद्दल विचारतात. शरीर अंधार पडल्यावर जे स्वतः बनवतं तेच ते, झोपेच्या गोळीसारखं ते पाडत नाही, घड्याळाला रात्र झाल्याची खूण देतं. पाचाहून जास्त तासांच्या फरकात त्याचा उपयोग होतो हे अभ्यासात दिसलंय, जास्त करून पूर्वेकडे येताना, आणि अर्धा ते पाच मिलिग्रॅमच्या पुढे डोस वाढवून काही जास्त मिळत नाही. वेळ चुकली तर मात्र उलटं काम करतं, म्हणून तिथल्या झोपायच्या वेळेलाच, आणि परतल्यावर नाशिकच्या दहाच्या सुमाराला. पण दादा, तुमची बीपीची गोळी चालू आहे. बीपीच्या काही औषधांशी आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी त्याचं जमत नाही, तेव्हा माझ्या किंवा इतर कोणाच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही, तुमच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवून विचारायचं. त्यांनी हो म्हटलं तर जायच्या आधी एखाद्या सुट्टीच्या रात्री घरीच घेऊन बघा, कारण काहींना दुसऱ्या दिवशी जड वाटतं.

डॉक्टरांना अजून एक विचारा, बीपीची गोळी तिथे किती वाजता घ्यायची. नाशिकची सकाळची आठची गोळी शिकागोत रात्री साडेनऊला येते. इतक्या कमी दिवसांसाठी घरच्याच वेळेवर ठेवा म्हणतील, किंवा हळूहळू सरकवा म्हणतील, पण ठरवून जा. दोनदा घेतली किंवा एकदा राहिली असं प्रवासात फार सहज होतं. औषधं हँडबॅगेत, चिठ्ठीसकट, दोन-चार दिवसांची जास्तीची. इन्शुरन्स घेताना बीपी आहे हे लिहा, लपवलंत तर नेमकं गरजेच्या वेळी क्लेम अडकतो आणि अमेरिकेतलं हॉस्पिटलचं बिल आपल्याला झेपणारं नसतं.

बाकी तयारीचं पटकन. सॅम्पलचे जॉब, व्हर्निअर, गेज हे सगळं चेक-इन बॅगेत, धातूचे तुकडे हँडबॅगेत दिसले की सिक्युरिटीला प्रत्येक तुकडा उघडून दाखवत बसावं लागतं, आणि सोबत कंपनीच्या लेटरहेडवर हे विक्रीसाठी नाहीत असं लिहिलेलं पत्र ठेवा. चिवडा, खाखरा चालतो पण फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याने विचारलं की खायचं सामान आहे असं सांगा, फळं आणि बिया अजिबात नको. अमेरिकेत जिथे पहिलं उतराल तिथे बहुतेक वेळा बॅग स्वतः उचलून परत जमा करावी लागते, मधे न्यूयॉर्कसारखं कनेक्शन असेल तर तीन तासांच्या आतलं घेऊ नका. बँकेचे ओटीपी यायला इथल्या सिमचं रोमिंग चालू ठेवा.

मधेच पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांसाठी थोडं, कारण त्यातले बरेच फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका या फळांच्या प्रदर्शनाला जातात आणि हाच प्रश्न विचारतात. तेव्हा फरक साडेचार तासांचाच असतो. तीन दिवसांसाठी सरकूच नका, तिथे आठ-साडेआठला झोपा, पहाटे तीन-चारला उठा, पॅकहाऊसचे फोन तेव्हाच उरकून घ्या आणि खरेदीदाराला सकाळच्याच वेळा द्या. तुमचा खरा प्रश्न असा की ऐन हार्वेस्टिंगमध्ये आधीच झोप झालेली नसते, त्यावर निघायच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपणं हाच उपाय आहे, आणि तेवढे दोन दिवस बाग घरातल्या दुसऱ्या कोणी बघितली पाहिजे.

परत येताना, दादा, जास्त जपा. गुरुवारी दुपारी किंवा संध्याकाळी निघालात तर शुक्रवारी रात्री उशिरा नाहीतर शनिवारी पहाटे मुंबईत. तिथून स्वतः गाडी चालवत नाशिकला येऊ नका आणि भागीदारालाही चालवू देऊ नका, त्याचं घड्याळ पण तुमच्याइतकंच बिघडलंय. ड्रायव्हर पाठवा, आणि तो ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून मग रात्री तुम्हाला आणायला निघालेला नसावा, त्याला त्या दुपारी झोपू द्या. या रस्त्यावर पहाटे तीन ते पाचमध्ये डुलकी लागून काय होतं ते नाशिकच्या माणसाला सांगायला नको. शंका वाटली तर एअरपोर्टजवळ तीन-चार तास झोपून उजाडल्यावर निघा.

आणि आल्यावर पहिले दोन दिवस पहाटे उठून गोदापार्कला फिरायला जाऊ नका. हे ऐकून लोक चमकतात, कारण सगळे सांगतात सकाळचं कोवळं ऊन घ्या म्हणजे जेट लॅग जातो. पण तुमचं शरीर तोवर सहा-सात तास उशिरावर गेलेलं असेल, तापमानाचा तळ नाशिकच्या सकाळी दहा-साडेदहाच्या आसपास आलेला असेल, आणि त्याच्या आधी ऊन घेतलंत तर घड्याळ आणखी उशिरावर जाणार, म्हणजे नेमकं नको त्या दिशेला. शनिवार-रविवारी सकाळी घरात राहा, बाहेर पडावंच लागलं तर गॉगल लावा, आणि अकरानंतर दुपारपर्यंत भरपूर उजेडात बसा. मग रोज एक-एक तास अलीकडे आणा, चार-पाच दिवसांत तुमचं सकाळचं फिरणं परत सुरू होईल. पूर्ण बरं वाटायला आठवडा धरा.

सोमवारी कंपनीत जा, पण चढत्या उन्हात, अकराला. संध्याकाळपर्यंतचं काम ऑफिसमधलं ठेवा, मशीनवर सेटिंगला हात घालू नका, फोर्कलिफ्टच्या आसपास फिरू नका, नवीन ऑर्डरचं कोटेशन गुरुवारपर्यंत पाठवू नका, लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी परत वाचा. दुपारी चारनंतर चहा नाही. रात्री तीनला जाग आली तर मोबाइल न बघता अंधारातच पडून राहा.

आता लगेच करायच्या दोन गोष्टी, गिऱ्हाइकाला सकाळच्या वेळेचा मेल आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट. ते झालं की शनिवारी दुपारी पोचवणारी दोन-तीन तिकिटं काढून मला जायच्या-यायच्या वेळा पाठवा, मधले थांबे किती तासांचे आहेत तेही, मग त्यातलं कुठलं घ्यायचं ते बसून ठरवू.